निमाणी ते सातपूर, एकट्याने : बसप्रवासाच्या अ‍ॅपच्या नोंदी

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीलगत बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची एक कार्यशाळा आहे. तेथे कागदी पाकिटे, बेदाण्यांचे पॅकिंग आणि दिवाळीआधी पणत्या रंगवण्याचे काम चालते. तेथे काम करणाऱ्या २६ वर्षांच्या एका तरुणाला पंचवटीतल्या घरून शहर बसने एकट्याने ये-जा करता यावी, यासाठी फोनवर चालणारे एक साधन बनवायचे ठरले. त्याचे नाव लिहीत नाही. कार्यशाळेत सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून येथेही दादा. मी अंबडमधल्या कारखान्यांत यंत्रांची कंट्रोल पॅनेल जुळवण्याचे काम करतो. अ‍ॅप बनवण्याचा अनुभव जेमतेम होता. असेच काही करू पाहणाऱ्यांना माझ्या चुका तरी उपयोगी पडाव्यात.

१० मे २०२५, शनिवार

दादाच्या घरी पहिली बैठक झाली. काकू, म्हणजे दादाची आई, चार वर्षांपासून त्याला सकाळी पंचवटीतल्या निमाणी बसस्थानकाहून सातपूरला सोडतात, परत येतात, संध्याकाळी पुन्हा आणायला जातात. एक फेरी साधारण पाऊण तासाची धरली, तरी काकूंचे दिवसाचे तीन तास बसमध्ये जातात. दादाला रस्ता पाठ आहे. त्याला दहापर्यंत खात्रीने मोजता येते, काही शब्द तो त्यांच्या आकारावरून ओळखतो, माणसाचा चेहरा तर एकदा पाहिला की विसरत नाही. अडते ते दोन ठिकाणी : घड्याळाची वेळ त्याला कळत नाही, आणि नेहमीच्या क्रमात मध्येच काही बदलले की तो जागच्या जागी थांबतो.

कार्यशाळेच्या बाईंनी निघताना एक सूचना दिली. “त्याला ‘समजलं का’ असं विचारू नका, तो नेहमी हो म्हणतो. ‘दाखव बरं’ म्हणा.” ही सूचना मी वहीत लिहून घेतली आणि पुढचा महिनाभर विसरलो.

२४ मे, शनिवार

आधी तयार साधने पाहिली. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ चांगले आहे, पण ते बोलता न येणाऱ्यांना चित्रांवरून बोलते करण्यासाठी आहे. प्रवासाचा प्रश्न वेगळा. स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारने मोफत दिलेला ‘अरासाक’ हा चित्रांचा संच उतरवून घेतला. बिगर-व्यापारी वापराला त्याची परवानगी असल्याने आमची सोय झाली. त्यातले बसचे चित्र दादाला दाखवले. तो म्हणाला, “गाडी.” थांब्याचे चित्र, म्हणजे एक खांब आणि त्यावर चौकोनी पाटी, पाहून म्हणाला, “झेंडा.” त्याचे चुकले असे मला म्हणता येईना, कारण निमाणीवर तसा खांब मलाही कधी दिसलेला नाही.

म्हणून चित्रे सोडून खरे फोटो वापरायचे ठरवले. आज निमाणी, रविवार कारंजा, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), मायको सर्कल, आयटीआय सिग्नल आणि सातपूर अशा सहा ठिकाणी दुचाकीने फिरून फोटो काढले. जुने दोन फोन प्रत्येकी ४,५०० रुपयांना घेतले. एक दादासाठी, एक तपासणीसाठी.

७ जून, शनिवार

टेबलावर पहिली तपासणी झाली आणि ती पहिल्याच पडद्यावर संपली. मी मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून आत जाण्याची व्यवस्था केली होती. दादाने सहा आकड्यांचा संदेश पाहिला, तो संदेश गेला, आकडेही गेले. काकू पटकन म्हणाल्या, “मी टाकून देते ना भाऊ.” तेव्हा लक्षात आले की जे साधन आईशिवाय प्रवास करता यावा म्हणून बनवतो आहोत, त्याच्या दारात मी आईलाच उभे केले आहे.

वेब सुलभतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की आत प्रवेश देताना माणसाला काही आठवायला किंवा कोडे सोडवायला लावू नये, आणि लावलेच तर दुसरा मार्ग द्यावा. हे आधी वाचले असते तर माझ्या अकरा संध्याकाळी वाचल्या असत्या. प्रवेशाची पायरी आज पूर्ण काढून टाकली. एक फोन, एक माणूस, एक रस्ता. ओळख पटवायची ती कोणाला?

२१ जून, शनिवार

पहिला खरा प्रवास केला. दादा खिडकीशी, मी शेजारी, काकू मागच्या बाकावर.

फोटो सपशेल फसले. मायको सर्कलच्या फोटोत मी खूण म्हणून रसवंतीची हिरवी पाटी पकडली होती. पावसाळा लागताच रसवंती उठली आणि तिच्याबरोबर आमची खूणही उठली. दुसरे कारण मला अधिक लागले. मी सगळे फोटो रस्त्यावर उभे राहून, समोरून काढले होते. बसमधल्या माणसाला थांबा कधीच समोरून दिसत नाही. तो खिडकीतून, वरून आणि सरकताना दिसतो. दादा फोटोकडे पाही, खिडकीबाहेर पाही, पुन्हा फोटोकडे पाही, आणि दोन्हींचे जुळत नसल्याने अस्वस्थ होई. शेवटी त्याने फोन पालथा करून मांडीवर ठेवला व नेहमीप्रमाणे बाहेर बघत बसला. सातपूर आल्यावर तो बरोबर उठला, तेव्हा फोन पालथाच होता.

५ जुलै, शनिवार

आज कॅमेरा दादाच्या हातात दिला आणि सांगितले, “तुला दिसेल ते काढ.” पाऊण तासात त्याने ७१ फोटो काढले. त्यांत चाळीसेक आकाशाचे व समोरच्या माणसाच्या डोक्याचे होते. उरलेल्यांत जे निघाले ते मला वर्षभर फिरून सुचले नसते. आयटीआय सिग्नलची त्याची खूण म्हणजे वाकडी झालेली विजेची डीपी. सातपूरची खूण म्हणजे एक कडुनिंब, ज्याच्या बुंध्याला कोणीतरी गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले आहेत. दुकानाची पाटी एकही नाही. माझ्या सहाही फोटोंत पाट्या होत्या, कारण मी वाचणारा माणूस आहे.

सहाही थांब्यांना त्याचेच फोटो लावले. पडद्यावर एका वेळी एकच मोठा फोटो आणि खाली सहा लहान फोटोंची ओळ ठेवली. मागे पडलेला थांबा आधी ओळीतून गायब होत असे. दादा तो शोधत बसला. आता तो जागेवरच राहतो, फक्त करडा होतो.

१९ जुलै, शनिवार

आवाजाचे काम. फोनमधला मराठी आवाज आधी वापरून पाहिला. इंटरनेट नसताना चालण्यासाठी तो वेगळा उतरवून ठेवावा लागतो, हे मला निमाणीवरच कळले. शिवाय त्याने ‘सीबीएस’ असा काही उच्चारला की शेजारचे आजोबा हसले आणि दादाही.

मग काकूंच्या आवाजात वाक्ये ध्वनिमुद्रित केली. रविवार कारंजा मागे पडल्यावर फोन बोलला, “दादा, पुढे सीबीएस आहे हं.” दादा ताडकन उठला आणि बसच्या टोकापर्यंत आईला शोधत गेला. काकू त्या दिवशी आल्या नव्हत्या. परतीच्या वाटेवर तो माझ्याशी बोलला नाही.

बाईंचा आवाज वापरण्याचा विचार होता, पण तीच भीती तेथेही होती. शेवटी दादाच्याच आवाजात वाक्ये घेतली. बाईंनी म्हणायचे आणि त्याने मागे म्हणायचे, असे एका दुपारी चालले. स्वतःचा आवाज फोनमधून येताच तो हसतो आणि फोनबरोबर वाक्य पुन्हा म्हणतो. हे आम्ही योजलेले नव्हते. पण सूचना ऐकून ती स्वतः म्हणायची, याहून चांगली पावती कोणत्या बटणाने मिळाली असती हे मला माहीत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आजची चूक धोक्याची होती, म्हणून सविस्तर लिहितो. उतरण्याच्या थांब्याच्या ३०० मीटर आधी फोन म्हणे, “उतरायची वेळ झाली.” बस ताशी ३० किलोमीटरने चालली तर ३०० मीटरला ३६ सेकंद लागतात, कागदावर हिशेब नेमका होता. प्रत्यक्षात सूचना आली आणि बस वाहनांच्या रांगेत उभी राहिली. दादा दारापाशी गेला. दार उघडे होते, वेळ झाली आहे असे त्याच्याच आवाजाने सांगितले होते, तो खाली उतरला. रस्त्याच्या मधल्या रांगेत. मी दोन पावले मागे होतो म्हणून त्याचा दंड धरता आला.

घरी येऊन बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “वेळ झाली म्हणजे काय करायचं, हे त्या वाक्यात कुठं आहे?” वाक्य बदलले. आता ३०० मीटरवर फोन म्हणतो, “पिशवी हातात घे.” ही हाताने करायची गोष्ट आहे, ती बसल्या जागी होते आणि ती करताना दादा उभा राहत नाही. “उतर” हा शब्द फोन तेव्हाच म्हणतो, जेव्हा थांबा ४० मीटरच्या आत असतो आणि बस पूर्ण थांबलेली असते. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस काही मीटरच चुकतो, पण उंच इमारतींच्या गर्दीत चूक वाढते. ४० चा आकडा तीन दिवस फेऱ्या मारून ठरवला आहे, दुसऱ्या रस्त्यावर तो तसाच उचलू नये. फोनने काहीही सांगितले तरी आधी खाली फूटपाथ आहे का ते पाहायचे, हे बाई आता वेगळे शिकवत आहेत. ते काम फोनचे नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

रजा घेऊन गेलो आणि फोन गप्पच राहिला. बॅटरी वाचवण्यासाठी फोनच मागे चालणारी अ‍ॅप बंद करतो. वीस मिनिटांनी आमचेही केले. बॅटरीच्या बंधनातून अ‍ॅपला सूट दिली, वर कायम दिसणारी सूचना ठेवली आणि पडदा पिन केला, म्हणजे चुकून बाहेर पडता येत नाही. जाहिरातीचे कॉल येऊ नयेत म्हणून बाईंचा आणि काकूंचा, असे दोनच नंबर चालू ठेवले.

१० सप्टेंबर, बुधवार

गणपतीनंतर पुन्हा सुरुवात. तीन लहान दुरुस्त्या झाल्या.

फोन गळ्यात अडकवतो. पट्टा फोनच्या वरच्या टोकाला होता. दादाने फोन उचलून पाहिला की फोटो उलटा दिसे. पडदा फिरवण्याच्या मागे दोन संध्याकाळ घालवल्या. मग कार्यशाळेतला एक मुलगा शांतपणे म्हणाला, “खालून बांधा ना.” पट्टा खालच्या टोकाला बांधला. आता फोन छातीवर उलटा लोंबतो आणि उचलला की सरळ दिसतो.

पावसाचे थेंब पडद्यावर पडले की फोनला ती बोटेच वाटतात. प्रवास चालू असताना ‘पुन्हा ऐक’ हे बटण पडद्यावरून काढून आवाजाच्या बाजूच्या खऱ्या बटणावर दिले. सुलभतेच्या त्याच निकषांत पडद्यावरच्या बटणासाठी किमान २४ पिक्सेलचा आकडा आहे, पण एका हातात दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. खरे बटण न बघताही सापडते.

तिसरी गोष्ट परतीची. दादा ‘निमाणी’ शब्द पहिल्या अक्षराच्या आकारावरून ओळखतो आणि ‘नाशिकरोड’ तसाच सुरू होतो. आज तो त्या बसच्या पायरीवर चढलाच होता. मी फोनवर ‘निमाणी’ सुंदर छापील अक्षरांत दाखवत होतो, पण बसच्या पाटीवर तो शब्द दिव्यांच्या ठिपक्यांचा असतो. आता पाटीचाच फोटो लावला आहे. असा फोटो काढताना नेहमीच्या वेगात अर्धे दिवे विझलेले येतात, कारण ते डोळ्याला न कळता उघडझाप करत असतात. शटरचा वेग सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत खाली आणल्यावर पूर्ण शब्द मिळाला.

२७ सप्टेंबर, शनिवार

काकूंनी विचारले, “भाऊ, तो कुठं आहे ते मला माझ्या फोनवर दिसेल ना?” तांत्रिकदृष्ट्या हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि काकूंची काळजी मला समजते. तरीही मी लगेच हो म्हटले नाही.

१८ वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. दादासाठी ते घेतलेले नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठीच त्या पालकाची संमती मागितली आहे. म्हणजे येथे हो किंवा नाही म्हणायचे ते दादाने.

पण सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाला विचारायचे कसे? बाईंनी मार्ग काढला. दोन चित्रे ठेवली. एकात दादा बसमध्ये आणि आई घरी फोनमध्ये त्याला पाहते आहे. दुसऱ्यात आईच्या फोनवर काहीच नाही, आणि दादाने मदत मागितली तरच तो दिसतो. सोमवारी एक चित्र डावीकडे, गुरुवारी तेच उजवीकडे. दोन्ही दिवस त्याने आईच्या फोनवर काहीच नसलेले चित्र उचलले. गुरुवारी बाईंनी कारण विचारले तेव्हा म्हणाला, “आई ओरडते.” मागे एकदा रविवार कारंजाला वडा खाण्यासाठी थांबायचे म्हणाला होता, त्याचा हा संदर्भ असल्याचे काकूंनीच सांगितले आणि त्या हसल्या. मात्र पूर्ण पटले असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले नाही. ठरले ते असे : ठिकाण फोनबाहेर जाणार नाही, मदत मागितली तरच बाईंना व काकूंना एक संदेश जाईल.

११ ऑक्टोबर, शनिवार

मदतीचे बटण हा माझ्या व्यवसायाचा अभिमान आणि या प्रकल्पातली सर्वांत ढोबळ चूक. यंत्रावर संकटाचे बटण लाल, मोठे, छत्रीसारखे असते. मी तसेच केले. पहिल्या फेरीत दादाने ते १४ वेळा दाबले, कारण पडद्यावर तेच सर्वांत सुंदर दिसत होते. बाईंनी उगीच दाबू नको असे समजावले. पुढच्या फेरीत मुद्दाम एक थांबा चुकवून पाहिला, तर तो बटणाला हात लावेना. लाल म्हणजे चूक, हे वहीतल्या लाल शाईने त्याला केव्हाच शिकवलेले होते. त्यात फोनने लाल फुलीसह “थांबा चुकला” म्हटले. पुढचे दोन थांबे तो मान खाली घालून बसून राहिला. उतरायला सांगितले तरी उठला नाही. काही शिकायचे असेल तर ते येथे आहे : मी पाच महिने बरोबर जाण्याची वाट घासूनपुसून ठेवली होती आणि चुकलेल्या माणसाला परतीची वाट ठेवलीच नव्हती.

फुली काढली, लाल रंग काढला, ‘चुकला’ हा शब्दही काढला. थांबा मागे पडला तर आता पुढच्या थांब्याचा फोटो येतो आणि दादाचा आवाज म्हणतो, “इथे उतरू. बाईंना फोन लावू.” त्या थांब्याचा सरावही पाच वेळा केला, म्हणजे तो परका राहिला नाही. बटणाच्या जागी बाईंचा हसरा फोटो आहे. तो दाबला की दहा सेकंद फोटो मोठा राहतो आणि मग फोन लागतो; मधे पुन्हा दाबले तर लागत नाही. एरवी वेळेची मुदत घालणे मी टाळले आहे, पण येथे काहीच न करणाऱ्यालाही मदत मिळते, म्हणून ती ठेवली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतरचा पहिला पूर्ण प्रवास. दादा एकटा, बाई शेवटच्या बाकावर ओढणीने तोंड झाकून. सीबीएसला त्याने मागे वळून पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, “बाई, तुम्हीपण सातपूर?” लपण्याचा प्रयोग तेथेच संपला. त्याने पिशवी योग्य वेळी हातात घेतली आणि उतरताना आधी खाली पाहिले. त्यानंतर सहा दिवस सकाळी तो खरोखर एकटा गेला. संध्याकाळी अजून काकूच आणायला जातात. अंधारात खिडकीतून कडुनिंब आणि डीपी दिसत नाहीत. रात्रीचे फोटो वेगळे लागतील, हे मला आधी सुचायला हवे होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खर्चाचा हिशेब : फोन ९,००० रुपये, कव्हर आणि पट्टे ५२०, पॉवर बँक ९००, बाईंसाठी फोटोंच्या छापील प्रती ६४०, बसभाडे १,३८०. एकूण १२,४४० रुपये. माझा वेळ धरलेला नाही. धरला तर काकूंना रिक्षा लावून देणे स्वस्त पडले असते, असे आमच्या घरी एकदा बोलूनही झाले.

सिंहस्थाच्या कामांसाठी रस्त्याकडेला पत्रे उभे राहिले आणि एक थांबा पन्नास पावले पुढे सरकला. मला ते ठाऊकच नव्हते. बुधवारी दादाने बाईंना फोन दाखवून त्या फोटोवर बोट ठेवले आणि म्हणाला, “हे नाही आता.” तो त्या दिवशी उतरला बरोबर, फक्त फोटो खोटा पडल्याचा त्याला राग आला होता. आज आम्ही दोघे जाऊन नवा फोटो काढून आलो. फोटो बदलण्याची सोय आता त्याच्याच फोनमध्ये दिली आहे. जुन्या फोटोवर बोट ठेवून धरायचे आणि नवा काढायचा. पहिल्या प्रयत्नात पत्र्यांऐवजी माझी चप्पल आली, दुसऱ्यात पत्रे आले.

६ डिसेंबरपासून कार्यशाळेतल्या एका ताईंचा रस्ता घ्यायचा आहे, सिडको ते सातपूर. त्यांना ऐकू कमी येते, म्हणजे आवाजाचे सगळे काम बाजूला ठेवून फोनच्या थरथरण्यापासून सुरुवात करावी लागेल. कॅमेरा मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातात देणार आहे.